हातचा

परवेझ बोलतो, मी टिपते.
"बारा, दोनाचा, बाहेर.
सात, रिबाउंड.
बारा, तिनाचा, आत. पास चारचा."
त्याची नजर मैदानावर, माझी पडद्यावर.
वरळीच्या त्या गारठवणाऱ्या हॉलमध्ये शाल पांघरून
मी अख्खा सामना कानांनीच पाहते.

सकाळी भायखळ्याच्या शाळेत तिसरी ब,
रात्री शिवडी विरुद्ध कोईमतूर.
आकडे तेच. फक्त इथे रबर चालत नाही,
चूक झाली तर दुरुस्तीला
दोन सह्या लागतात.

शिवडी चौऱ्याऐंशी, कोईमतूर एक्क्याऐंशी.
भोंगा वाजला, पोरं एकमेकांवर पडली,
आणि माझ्या टेबलाखालचा प्रिंटर
कुरकुरत गरम कागद बाहेर ढकलू लागला.

हरमीत गरचा, क्रमांक बारा:
सत्तावीस फेकींत अकरा आत, त्यांत तिनाचे पाच,
फ्री थ्रो चारपैकी चार,
एकतीस गुण.
कॅमेरे त्याच्याभोवती
गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे.
पण कागदाच्या उजव्या कडेला
एक शेवटचा रकाना असतो, अधिक-उण्याचा:
तू मैदानात असताना संघानं काय कमावलं, काय घालवलं.
बाराच्या पुढे उणे सहा.
मी पुन्हा बेरीज केली.
उणे सहाच.

आणि खाली, जवळजवळ तळाला,
शाहिद बुरोंडकर, क्रमांक चौदा.
गुण शून्य. फेकी शून्य. रिबाउंड शून्य. पास शून्य.
कुणी बांगड्या उतरवून
ओळीनं मांडून ठेवाव्यात तशी ती शून्यं.
फाउल मात्र दोन.
वेळ: चार मिनिटं अकरा सेकंद.
हरमीतचा घोटा मुरगळला होता, बर्फ लावेपर्यंत
तेवढाच वेळ तो बाकावर, आणि त्याच्या जागी हा.
गेला तेव्हा सहासष्ट-चौऱ्याहत्तर,
आला तेव्हा एकोणऐंशी-अठ्ठ्याहत्तर.
अधिक नऊ.

"यानं केलं काय रे?" मी परवेझला विचारलं.
"काही नाही. उभा होता."
मग पाण्याच्या बाटलीचं झाकण लावता लावता,
"म्हणजे, त्यांच्या त्या ताडमाड पोराला
जिथे जायचं असायचं ना,
तिथे हा आधीच उभा."
त्याचा रकाना आमच्याकडे नाही.

सात नि आठ पंधरा. पाच खाली,
हातचा एक.
दशकाच्या डोक्यावर बारीकसा लिहायचा,
बेरीज झाली की पोरं तो खोडून टाकतात,
वही स्वच्छ दिसावी म्हणून.
मागच्या आठवड्यात सानिका निजामपूरकरनं विचारलं,
"बाई, हातचा उत्तरात का दिसत नाही?"
मी म्हटलं,
पुढचं पान काढा.

तीन नंबरच्या गेटवर त्याचे वडील.
दारूखान्यात लेथवर असतात,
दुसरी पाळी सुटून थेट आलेले,
नखांत ऑइल, हातात डबा,
सामना संपून पाऊण तास झालेला.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून पुढे आले.
"मॅडम, आमच्या पोरानं किती केले?"

कागद हातातच होता.
"नऊ," मी म्हटलं.

ते थांबले. ओठ हलले त्यांचे.
"नऊ… म्हणजे विषम.
म्हणजे एक तरी तिनाचा टाकलाच असणार!"
आणि डबा या हातातून त्या हातात घेत
असे हसले, की मला घड्याळ बघावं लागलं.

त्यांच्या मागे शाहिद येऊन उभा,
ओले केस, खांद्यावर बूट लटकवलेले.
त्यानं ऐकलं होतं.
माझ्याकडे पाहिलं त्यानं, मी त्याच्याकडे.

दुरुस्तीला दोन सह्या लागतात.
मी केली नाही.
त्यानंही नाही.